कागदावर नसलेली नात

अप्पा,

तुमची नात आली आहे आणि मला तिची भीती वाटते. मी एकसष्ट वर्षांची बाई, ती सव्वीसची. दारात बूट काढून ठेवते, फ्रिज उघडायच्या आधी विचारते, जेवल्यावर आपलं ताट आपण घासते. अशा पोरीला भ्यायचं म्हणजे कमालच, पण ती जिन्यावरून खाली यायला लागली की मी काम नसताना दुकानात जाऊन बसते. आत्ता ती समोरच्या टेलर मास्तरांच्या सुनेबरोबर चादरी बघायला गेली आहे, दोन-तीन तास तरी येणार नाही. मी मागाचे धोटे-फण्या विकायच्या आपल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून तुमच्या जागेवर बसले आहे आणि तुमच्या वेळच्या कोऱ्या पावत्यांच्या पाठीवर हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. हे जिवंत माणसाला सांगण्यासारखं नाही. तुम्ही उलटून बोलणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. जिवंतपणी तुम्ही मला एवढं सलग बोलू दिलंच नसतं.

ती आली त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. खुर्ची दिली तर नको म्हणाली. अण्णानं, तिच्या बापानं, तिला सांगून ठेवलं होतं म्हणे, आपल्याकडे जेवायला खाली बसतात. भुरे केस, घारे डोळे, आणि तोंड उघडलं की चाळीस वर्षांपूर्वीचा भवानी पेठेतला पोरगा बोलतो. अण्णा इथून गेला त्या दिवशी त्याची भाषा जशी होती तशीच राहिली, आणि तीच त्यानं पोरीला दिली. मी आणखी भाकरी वाढायला गेले तर तिनं ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "साकु." तुम्ही कानडीत पुरे म्हणायचा तसंच, तोंड जरा वाकडं करून. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आत्या, मला सही करायची हाय. घर तुमच्या एकट्याच्या नावावर करून द्यायचं हाय. बाबा लई वेळा सांगून गेलाय." तव्यावरची भाकरी करपली तरी मी जागची हलले नाही.

अण्णानं शेवटच्या आजारपणात तिला सांगितलं होतं की सोलापूरच्या घरात आणि दुकानात माझा निम्मा वाटा आहे, माझ्यामागं तो तुझ्याकडे येईल, तो तू आत्याला सोडून दे, तिला दुसरं घर नाही. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, तिची सही चालली नसती. मग कॉलेज आलं, मग कोरोना, मग नोकरी. आता तीन आठवड्यांची रजा काढून बापाचा शब्द पाळायला कॅनडाहून इथं आली आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, या बाईचं नशीब बघा. पण अप्पा, हक्क सोडायचा तर आधी तो कागदावर दिसावा लागतो. प्रॉपर्टी कार्डावर मी एकटी आहे. तिचं नाव तिथं नाही, कारण ते मी घातलं नाही.

तुम्ही मृत्युपत्र केलं नाहीत. तुम्हाला त्या कागदाचं नावही आवडायचं नाही. अव्वा आधीच गेलेली, म्हणजे तुमच्यामागं आम्ही दोघं, अण्णा आणि मी. तुम्हाला आपल्या लिंगायत रीतीनं मांडी घालून बसवून माती दिली तेव्हा अण्णा विमानात होता. तिसऱ्या दिवशी पोचला, तडक तुमच्या मातीपाशी गेला आणि परत आल्यावर या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून मला म्हणाला, "घर तुझंच हाय. पुढच्या खेपेला आलो की कागद करू." त्याच्या मनात तसंच होतं, यात मला कधी शंका आली नाही. पुढची खेप आलीच नाही. तीन वर्षांनी तिकडून फोन आला. त्याची बायको कधीच घटस्फोट घेऊन वेगळी झाली होती, मागं राहिली ही एक मुलगी, जी मला फक्त फोटोत माहीत होती.

तेव्हापासून भीती माझ्याकडे राहायला आली. गल्लीत ज्याला त्याला मत होतं. एकजण म्हणाला, परदेशी माणसाची मिळकत सरकार ओढून घेतं. दुसरा म्हणाला, पोरीची आई वकील घेऊन येईल आणि कोपऱ्यावरच्या शोरूमवाल्याला विकून मोकळी होईल. मी सगळ्यांचं ऐकत गेले. तुम्हाला आठवतं, जेऊरहून मी एक ट्रंक घेऊन परत आले ते. सात वर्षं नांदून एका घरातून बाहेर पडलेली बाई. पुन्हा एकदा ट्रंक भरायची वेळ आली तर जायचं कुठं, हा एकच प्रश्न मी पोळ्या लाटताना, धोटे पुसताना, अंघोळ करताना स्वतःला विचारत होते.

इथं मला रेशनकार्डाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळं त्यापासून सुरू झालं, आणि ते तुमच्या हातून झालं. अण्णानं तिकडचं नागरिकत्व घेतलं तो दिवस. तुम्ही याच जागेवर बसून एका धोट्याचं टोक पॉलिश पेपरनं घासत होता. फोन माझ्या हातात होता, तो मी तुमच्या कानाला लावला. "म्हंजे आता पासपोर्ट तिकडचा?" तुम्ही विचारलंत. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि पुन्हा घासायला लागलात. पुढच्या सोमवारी मला बरोबर घेऊन रेशनच्या ऑफिसात गेलात. तिथला क्लार्क तुमच्या ओळखीचा. "राहू द्या की हो मालक," तो म्हणाला, "कोण बघतंय? चौघांचं धान्य तिघांत खावा." तुम्ही कार्ड त्याच्यापुढं सरकवलंत. "जो हितं जेवत न्हाई त्याच्या नावचं धान्य मला नको. कमी करा." त्यानं पट्टी ठेवून अण्णाच्या नावावर लाल रेघ ओढली आणि शिक्का मारला. अव्वा दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

तुमच्या लेखी ते फक्त धान्याचं होतं. आमच्या लेखी नव्हतं. या गल्लीत सून आली की तिचं नाव कार्डावर चढतं, मुलगी दिली की उतरतं, माणूस गेला की रेघ येते. माझंही नाव लग्नानंतर तुम्ही कमी केलं होतंत, आणि जेऊरहून आल्यावर मी काही न मागता पुन्हा घालून आणलंत. मला घरात परत घेतलं हे मला त्या दिवशी पटलं, त्याआधी तीन महिने मी पाहुणीसारखी कोपऱ्यात झोपत होते. तेव्हा अण्णाच्या नावावर रेघ आली म्हणजे काय, ते गल्लीनं आपापलं ठरवून टाकलं. अप्पांनी पोराला घरातून कमी केलं, असं लोक बोलले. तुमच्या कानावर आलं असणार. तुम्ही कुणाचा समज दुरुस्त करायला गेला नाहीत. गप्प बसण्यात तुमचा हात कुणी धरला नसता.

अण्णा गेल्यावर तीन महिन्यांनी मी सिटी सर्व्हे ऑफिसला गेले. दाराबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसलेला एक माणूस होता, वारस नोंदीचे कागद करून देणारा. मी रेशनकार्ड पुढं केलं. त्यानं ते उलटसुलट बघितलं. तुम्ही आणि अव्वा कमी, अण्णा कमी, उरले मी. "तुमी एकट्याच की मावशी," तो म्हणाला. रेघ कुणाची ते विचारलं, मी सांगितलं, भाऊ, परदेशी नागरिक झाला होता, तिकडंच वारला. "मग त्याचा हक्क तवाच संपला. परदेशी मानसाला हितं काय न्हाई मिळत." त्यानं वंशावळ लिहिली. तुमच्या नावाखाली दोन फांद्या, आणि अण्णाची फांदी तिथंच थांबलेली. मी एकमेव वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. पंच म्हणून गिरणीवाले मामा आणि टेलर मास्तर सही करून गेले. त्या दोघांनीही गल्लीत लाल रेघेची गोष्ट ऐकली होती, त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्या माणसानं सांगितलं आणि मी अडाणी बाईसारखी सही केली, हे मी या आठवड्यात भेटलेल्या वकीलबाईंनाही असंच सांगितलं आहे.

प्रॉपर्टी कार्डावर माझं नाव लागलं. आता निवांत झोपायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. पोस्टमनची सायकल दुकानासमोर थांबली की हातातला स्पॅनर खाली पडायचा. परदेशातला नंबर फोनवर दिसला की मी फोन वाजू द्यायची आणि मग तासाभरानं, अगं मी देवळात होते, असं खोटं कळवायची. दर वाढदिवसाला मात्र पोरीला न चुकता शुभेच्छा पाठवल्या. त्यात माया होती, हे शपथेवर सांगते. पण तिचं लक्ष या घराकडे वळलं आहे का, याचा वासही मी त्यातून घेत होते. अकरा वर्षं असं जगणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही, तुम्ही कधी कशाला भ्यालाच नाहीत.

या आठवड्यात मला सारखी आत्या आठवते आहे, तुमची बहीण. मी नऊ वर्षांची असेन. ती अक्कलकोटच्या बाजूच्या तिच्या गावाहून एसटीनं आली, तुम्ही तिला घेऊन रजिस्ट्रार ऑफिसला गेलात, मी हट्टानं मागं लागले म्हणून मलाही नेलंत. तिथं तिनं अंगठा उठवला. आजोबांच्या या जागेत तिचा जो वाटा होता तो सोडला. बोटाची शाई पुसायला तिला कुणी फडकं दिलं नाही, तिनं ती पदराच्या आतल्या बाजूला पुसली. घरी अव्वानं पुरणाच्या होळग्या केल्या होत्या. तुम्ही तिला इरकल साडी दिलीत, तिनं ती डोळ्यांना लावली आणि तुमच्या पाया पडली, वयानं मोठी असून. ती निघून गेल्यावर मी विचारलं, "आता आत्या आली की पाहुणी म्हणून येणार का?" तुम्ही माझा कान असा पिळलात की दोन दिवस दुखत होता. "मोठ्यांच्या कागदात तोंड घालायचं न्हाई," म्हणालात. मला वाटलं, मी काहीतरी घाण बोलले.

आत्या वारली त्या वर्षी मी दुकानात बसायला लागून बरीच वर्षं झाली होती. जेऊरहून आल्यावर तुम्हीच मला इथं स्टूल दिलं होतंत, माझ्या हातात एक एक वस्तू ठेवून नावं पाठ करून घेतली होतीत. फणी, बॉबिन, पिकर, पट्टा. तिचं कळल्यावर तुम्ही त्या गावाला जाऊन आलात आणि मोरीत पाय धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुला कुणी सही मागितली तर करू नको. अण्णानं मागितली तरी करू नको." एवढंच. मी टॉवेल घेऊन उभी होते. तुमच्याकडून मला मिळालेली सगळ्यात मोठी वस्तू कुठली, असं कुणी विचारलं तर मी ते वाक्य सांगेन. त्या वाक्याच्या जोरावर मी या घरात ताठ मानेनं राहिले. सही करू नको हे तुम्ही सांगितलंत, दुसरीचं नाव गाळू नको हे सांगायचं राहिलं. तेही सांगावं लागेल असं तुम्हाला माझ्याबद्दल वाटलं नसेल.

आणि मी काय केलं ठाऊक आहे? ती येणार कळल्यावर साडीच्या दुकानात गेले. पोर लांबून येते, काहीतरी हातावर ठेवायला हवं, एवढंच डोक्यात होतं. दुकानदारानं इरकलीच्या घड्या मांडल्या, मी एक हिरवी उचलली आणि त्यानं सहज विचारलं, "कार्य काय हाय?" मी घडी तशीच ठेवून बाहेर आले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की माझा हात कानाला गेला आहे.

मंगळवारी, ती वर झोपलेली असताना, मी एकटी वकीलबाईंकडे जाऊन आले. माझ्या निम्म्या वयाच्या आहेत, पण तुमच्यासारखं मोजकं बोलतात. त्या म्हणाल्या, "काकू, नागरिकत्व वेगळं आणि वारसा वेगळा. भाऊ परदेशी झाला म्हणून वडिलांचा मुलगा राहिला नाही, असं होत नाही. वडील गेले त्या दिवशी निम्मं त्याचं झालं. तो गेला त्या दिवशी ते त्याच्या मुलीचं झालं. ती कुठल्या देशाची आहे यानं काही फरक पडत नाही." मी म्हटलं, पण परदेशी माणसाला इथं जमीन घेता येत नाही म्हणतात. "विकत घ्यायचे नियम वेगळे. वारशानं आलेलं घर ठेवता येतं." मग मी रेशनकार्डाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "रेशनकार्ड धान्यासाठी असतं, काकू." अगदी तुम्हीच बोलल्यासारखं. मी विचारलं, माझं प्रतिज्ञापत्र? "ते खोटं आहे." शिक्षा होते? "तक्रार झाली तर गुन्हा दाखल होऊ शकतो." मी मांडीवरची पिशवी उगाच उघडली आणि पुन्हा बंद केली.

वाट त्यांनी दाखवली. दोघींनी मिळून अर्ज करायचा, मी नवीन प्रतिज्ञापत्र करायचं, तिचं नाव लागू द्यायचं. मग तिला हक्कसोड करायची असेल तर ती करेल, नसेल करायची तर निम्मं घर तिचं. "पण आधी तुम्ही स्वतः तिला सांगा," त्या म्हणाल्या. "बाहेरून कळलं तर मग माझ्या हातात काही नाही." परत येताना टेलर मास्तर ओट्यावर ऊन खात बसले होते. आता त्यांना धड दिसतही नाही. गिरणीवाले मामा सुटले, गेले. मास्तरांच्या दारात या वयात पोलीस आला तर तो माझ्यामुळं येईल. त्यांनी आवाजावरून मला ओळखलं आणि चहा घेऊन जा म्हणाले. मी न थांबता घरात शिरले.

त्याला तीन दिवस झाले आणि अजून मी पोरीला सांगितलेलं नाही. दरम्यान ती घरभर फिरते. पहिल्या दिवशी तिनं भिंतींचे फोटो काढले, एकेका भिंतीचा. मला वाटलं, किंमत काढायला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "आत्या, वरची खोली किती फुटाची हाय?" मी म्हणाले, कधी मोजली नाही. संध्याकाळी बघते तर तिनं कागदावर घर काढलं होतं. अण्णानं तिला लहानपणी एक चित्र काढून दिलेलं, त्यात जिना उलट्या बाजूला होता, तो ती नीट करत बसली होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. ती सारखी विचारते, सहीच्या ऑफिसात कधी जायचं? काल मी म्हणाले, साहेब रजेवर आहेत. आज म्हणाले, सुट्टी आहे. "कसली सुट्टी?" मी एका संताची पुण्यतिथी ठोकून दिली. तिनं मान डोलावली आणि देवघरासमोर जाऊन हात जोडून आली, अप्पा. त्या वेळी मला माझी जी लाज वाटली ती सांगता येत नाही, तरी मी तिला बोलले नाही. बाहेर रिक्षा थांबल्यासारखी वाटते. ठेवते.

दोन दिवसांनी पुन्हा बसले आहे. तिला सांगितलं. त्या दिवशी ती चादरी घेऊन आली, एक माझ्यासाठीही आणली होती, आणि मला वाटलं आता आणखी एक दिवस थांबले तर मी कधीच सांगणार नाही. ती स्वयंपाकघरात चटणीसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं चोळत बसली होती. मी रेशनकार्ड, प्रॉपर्टी कार्ड आणि ती वंशावळ, तिन्ही तिच्यापुढं जमिनीवर ठेवली आणि उभ्यानंच एका दमात सांगून टाकलं. बसले असते तर मधेच रडले असते, आणि रडून तिच्याकडून सुटका करून घ्यायची नव्हती. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मीच बोट ठेवून दाखवलं. हे आजोबा, ही मी, हा तुझा बाबा. त्याच्याखाली तिचं बोट आलं आणि कोऱ्या जागेवर थांबलं. मी वाट बघत होते, आता ओरडेल, आता फोन उचलेल, आता बॅग भरेल. तिनं बोट तिथंच ठेवलं. मग विचारलं, "म्हंजे कागदावर बाबाला कुणीच न्हवतं?"

घराचं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. वाट्याचं, गुन्ह्याचं, सगळ्याचं मी तयार केलं होतं.  ती उठून वर गेली. चोळलेले शेंगदाणे सुपात तसेच पडले होते. मी जिन्याशी उभी राहून ऐकत होते, बॅगेच्या चेनचा आवाज येतो का. भीती आता वेगळीच होती. तिनं भांडावं, शिव्या द्याव्यात, कोर्टात जावं, पण अशी एक शब्द न बोलता निघून जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं. दवाखान्यात ती पंधरा वर्षांची पोर एकटी बापाच्या उशाशी बसली असेल, त्याचा शब्द घेत असेल, आणि पुढच्या तीन महिन्यांत इथं आत्या तिला कागदावरून पुसून मोकळी झाली.

सकाळी ती आली, चहा घेतला. डोळे सुजलेले. म्हणाली, "आदी माझं नाव लावा. बाबाच्या खाली. सहीचं मग बघू." मी म्हटलं, बरं. मग बघू, याचा अर्थ काय तो मी विचारला नाही. करेल सही, नाही तर नाही. उद्या हे निम्मं घर विकायचंही म्हणेल, तिचं आहे ते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, वकीलबाई तर म्हणाल्या तुमचं ओझं उतरलं असेल. छे. मी तेवढीच घाबरलेली आहे. आत्ताही ट्रंक कुठं ठेवली आहे ते मला नेमकं ठाऊक आहे.

कपबशी विसळताना तिनं पाठमोरंच आणखी एक विचारलं. "त्या टेबलवाल्या मानसाला म्हाईत न्हवतं का, मी हाय म्हणून?" मी म्हणाले, "त्याला कुठून माहीत असणार?" तिनं मान हलवली. तिचं समाधान झालं असावं. निदान मला तसं वाटून घ्यायचं आहे.

नवीन प्रतिज्ञापत्राचा कागद वकीलबाईंनी टाइप करून पाठवला आहे. उद्या अकरा वाजता दोघींनी जायचं. त्यात लिहिलंय की भावाच्या मुलीचे नाव माझ्याकडून अनवधानाने नमूद करावयाचे राहून गेले. चांगला शब्द शोधला आहे त्यांनी. कुणाला दोष लागत नाही, मास्तरांनाही काही होणार नाही. पोरीला मी तो वाचून दाखवला आणि अर्थ सांगितला, लक्षात राहिलं नाही. ती म्हणाली, असू दे.

हे कागद मी कुठं टाकणार आहे, अप्पा? तुमच्याकडे पोचत नाहीत आणि तिच्या हाती द्यायची माझी छाती नाही. पण तुम्हाला तरी खरं सांगून ठेवते. त्या लिंबाखालच्या माणसानं विचारलं होतं. अण्णाची फांदी काढली आणि पेन तिथंच धरून, माझ्याकडे बघून, त्यानं स्वच्छ विचारलं, "भावाला मूलबाळ?"

मी म्हणाले, नाही.

त्यानं चहा मागवला होता. तो मी पूर्ण प्यायले.